लाल धाग्याचे मणके

डुकराच्या मानेत सात मणके असतात. उंदराच्या सात, बैलाच्या सात, माणसाच्याही सातच. हे मी बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी हात मानेमागे नेला आणि बोटांनी चाचपत राहिले.

"आणि जिराफाचे?"

"त्याचेपण सातच. फक्त एकेक लांब."

"म्हणजे धागे तेवढेच, ताण जास्त," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

मान सगळ्यांची सारखी असते, पण डुकराच्या पाठीचं तसं नाही. मानेच्या खाली बरगड्यांचे आणि कमरेचे मिळून जे मणके असतात, त्यांचा आकडा एका डुकरापासून दुसऱ्या डुकरात बदलतो. रानडुकराला साधारण एकोणीस. आपल्या गल्लीबोळांतून फिरणाऱ्या काळ्या देशी डुकराला एकोणीस-वीस. पांढऱ्या विलायती डुकराला एकवीस-बावीस, क्वचित तेवीससुद्धा. लांब पाठीची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली, तसे हे मणकेही वाढत गेले असावेत. मणका जास्त असला की पाठ लांब, अंग मोठं, मांस जास्त. आणि हा आकडा चाऱ्यावर ठरत नाही. पिल्लू आईच्या पोटात अगदी कोवळं असतानाच तो ठरून जातो, आई-बापाकडून आलेल्या गुणांवर. तो गुण नेमका कुठे बसलेला आहे, हे मी शिकत होते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. माझे सर म्हणायचे, "वो ढूँढने वाले कहीं न कहीं ढूँढ लेंगे. अपना काम है ठीक से गिनना."

मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण हे त्या मोजण्याबद्दलच आहे.

आम्ही छत्रीबागेत, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत राहायचो. आजोबा खानदेशातून इकडे, हिंदी मुलखात, कापडाच्या मिलमध्ये कामाला आले होते. बाबाही त्याच मिलमध्ये लागले आणि पुढे फोल्डिंग खात्यात तपासनीस झाले. मिलमधून निघणारा प्रत्येक थान, म्हणजे कापडाचा तागा, बाहेर जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून सरकायचा. कुठे धागा तुटलाय, कुठे वीण विरळ झालीय, कुठे डाग आहे, हे त्यांनी पाहायचं. त्यांच्या खिशात घडीचं पितळी भिंग असे. ते कापडावर ठेवलं की एका इंचात किती धागे बसलेत ते मोजता येई. बाबांना बहुतेक वेळा भिंग लागायचंच नाही. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं होतं. ते कापडावरून फिरवलं की नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं. आमच्या घरात कुणी नवं कापड आणलं तर आई आधी ते बाबांसमोर धरायची, आणि बाबा नख फिरवून म्हणायचे, "ठीक आहे," किंवा "परत कर."

मी पशुवैद्यक कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना मिल बंद झाली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. रोज बसने तासभर जायचे आणि तासभर यायचे. टीव्हीवर तेव्हा सांगत होते की देश आता खुला झाला आहे. बाबांचे एक जुने सोबती संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे, ते म्हणायचे, "देश खुल गया भिया, बस अपना गेट बंद है." सगळे हसायचे. आईने खजरान्याच्या गणपतीला जाऊन मंदिराच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं होतं. मिल पुन्हा सुरू झाली की जाऊन ते सुलटं करायचं होतं.

दोन वर्षं गेली. मी पदवी घेऊन पुढच्या वर्गाला बसले. बाबा तरीही सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि खुर्चीवर बसायचे. वर्तमानपत्र वाचताना अंगठ्याचं नख कागदावरून फिरत असायचं.

मामा एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठने कपड्यांचं मोठं शोरूम काढलं होतं, काचेच्या दारांचं. मामांनी तिथली वॉचमनची जागा बाबांसाठी आणली.

"दाजी, सोपं काम आहे. युनिफॉर्म देतात, बसायला स्टूल देतात. दार उघडायचं, बंद करायचं."

बाबा म्हणाले, "फोल्डिंगमध्ये बसायची पद्धत नव्हती. मला स्टूलवर जमायचं नाही."

"मग उभे राहा!"

"बघू," बाबा म्हणाले. हे "बघू" किती दिवस चालेल, हे घरात कुणी विचारत नव्हतं. आई मात्र मामांना चहा देताना म्हणायची, "जागा अजून आहे ना रे?"

मला थिसिससाठी डुकरांचा विषय मिळाला तो याच दिवसांत. कॉलेजच्या फार्मवर विलायती पांढरे नर होते आणि नदीकाठच्या वस्तीतले डुकरं पाळणारे लोक आपल्या काळ्या माद्या तिथे घेऊन येत. त्यातून झालेली पिल्लं मोठी, लांब निघायची. सरांनी मला सांगितलं: वस्तीत जायचं, कापायच्या आधी जनावराचं वजन आणि लांबी घ्यायची, कापल्यावर त्याचा पाठीचा कणा अख्खा मागून घ्यायचा, उकळून साफ करायचा आणि मणके मोजायचे. चाळीस जनावरं. वीस देशी, वीस क्रॉस, म्हणजे अशी मिश्र. मग मणका वाढला की लांबी किती वाढते आणि क्रॉसमध्ये बापाचा आकडा किती उतरतो, ते पाहायचं.

वस्तीतले एक म्हातारे काका टेप धरायला मदत करायचे. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "बेटी, लोग सुअर का मुँह नहीं देखते, और तू पीठ गिनने आई है." ते हसत होते, पण त्यानंतर एकदाही त्यांनी कणा तोडून दिला नाही. खाटकाला बजावून ठेवत, "मास्टरनी का माल है, बीच से मत मारना."

हाडं कॉलेजात उकळायची सोय होती, पण ती नेहमी दुसऱ्या कुणीतरी अडवलेली असायची. कणे कुजायला लागले. शेवटी मी घरी विचारलं.

"डुक्कर?" आई म्हणाली. "आपल्या गच्चीवर?"

"मांस नाही आई, नुसती हाडं. आणि पुस्तकात वराह म्हणतात."

"वराह म्हटलं म्हणून त्याचं काय सोनं झालं? डुक्करच ना ते!"

बाबा वर्तमानपत्रातून बाहेर आले. "तिचं कॉलेजचं काम आहे," ते म्हणाले. "गच्ची माझी आहे. मी लक्ष ठेवीन."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून "मी लक्ष ठेवीन" असं मी पहिल्यांदा ऐकलं.

गच्चीच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल मांडली. तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात सोडा घालून कणा उकळायचा, चिकटलेलं सगळं सुटलं की मणके एकेक करून काढायचे, धुवायचे, उन्हात टाकायचे. वास घरभर यायचा. आईने माझ्यासाठी वेगळी बालदी ठेवली. आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. शेजारच्या छतावरून भाभी ओरडल्या, "भाईसाब, सूप बन रहा है क्या?"

"हाँ भाभीजी," बाबा म्हणाले, "कटोरी लेके आ जाओ."

भाभींनी नाकाला पदर लावला, पण हसल्या. मीही हसले. बाबांना असं उत्तर देताना पाहून किती दिवस झाले होते.

प्रत्येक डुकराचे मणके वेगळ्या पिशवीत ठेवायला हवे होते. बाबांनी घरात साठवलेले मिलचे तुकडे काढले आणि चाळीस पिशव्या शिवल्या. प्रत्येकीला नाडी, प्रत्येकीवर जांभळ्या पेन्सिलीने नंबर. देशी एक ते वीस, क्रॉस एक ते वीस. शिवण इतकी सारखी की मला त्यात हाडं भरताना वाईट वाटलं.

मामा पुन्हा आले. बाबा गच्चीवर मणके उलटवत होते.

"दाजी, हे काम आहे का? शेठ विचारतोय."

"पोरीचं निघू दे," बाबा म्हणाले. "चाळीसचा लॉट आहे. तो संपला की बघू."

मामा जिना उतरताना मला म्हणाले, "लवकर संपव गं बाई. तुझ्या डुकरांपायी तुझा बाप बेकार बसलाय." मला तेव्हा दिसत होतं की उलट होतं. ती हाडं होती तोवर बाबांना स्टूलवर बसावं लागणार नव्हतं. मला हे कळत होतं, म्हणूनच पुढे जे झालं ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

हाडं वाळली तोवर माझी लेखी परीक्षा आली. मणके सुतळीत ओवून मोजायचं काम राहिलं होतं. बाबा म्हणाले, "मला दाखव, मी ओवून ठेवतो." मी अर्ध्या तासात दाखवलं. मनात दुसऱ्या दिवशीचा पेपर होता. मानेचे सात आधी. मग ज्यांना बरगडी बसायचे खड्डे आहेत ते, मोठ्याकडून लहानाकडे. मग ज्यांना दोन्ही बाजूंना पंखासारखं हाड फुटलंय ते कमरेचे. मधल्या छिद्रातून सुतळी. बाबांनी भिंग काढलं आणि खड्डे पाहिले.

"किती यायला पाहिजेत?"

"मान सोडून देशीला साधारण वीस. क्रॉसला साधारण एकवीस."

"क्रॉसचा हा एक जास्तीचा येतो कुठून?"

"बापाकडून. तो पांढरा नर लांब असतो ना."

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे बापाने काहीतरी दिलं." आणि पहिली सुतळी ओवायला घेतली.

मी त्यांना इतकंच सांगितलं. कमी-जास्त असतं, आणि त्या कमी-जास्तीसाठीच हे सगळं चाललंय, हे मी सांगितलं नाही. इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही.

परीक्षा संपवून मी आले तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेला चाळीस माळा लटकत होत्या. एका ओळीत देशी, एका ओळीत क्रॉस. खाली प्रत्येकीची पिशवी घडी करून ठेवलेली, नंबर वर. मणके उन्हात पांढरे झाले होते. काही माळांमध्ये अधेमधे लाल धागा दिसत होता. मला वाटलं, मान कुठे संपते ते दाखवायला बांधला असेल. वाऱ्याने माळा एकमेकींवर आपटून हलका आवाज करत होत्या.

"हातात घेऊन बघ," बाबा म्हणाले.

मी एक घेतली. सुतळी ताणलेली, कुठे सैल नाही. "बाबा, कॉलेजात कुणी असं करत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं. बाबा तारेकडे पाहत राहिले. "थोडे शिल्लक राहिलेत," ते म्हणाले, "त्या डब्यात ठेवलेत." मी मान हलवली. डब्यात पाहिलं नाही.

त्या आठवड्यात मी मोजलं. देशी, सगळे वीस. क्रॉस, सगळे एकवीस. मला थोडं विचित्र वाटलं, पण मी स्वतःला समजावलं की असंच निघालं. आकड्यांचा कागद घेऊन सरांकडे गेले.

सरांनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "लंबाई में इतना फ़र्क़ है," ते म्हणाले, "और गिनती में किसी का कुछ इधर-उधर नहीं? एक का भी नहीं?"

सरांनी कागद माझ्याकडे वळवला.

"तूने ख़ुद गिने? हड्डी ख़ुद निकाली, ख़ुद पिरोई?"

"जी सर," मी म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही. आमच्या वर्गातल्या बहुतेकांचे वडील डॉक्टर होते, अफसर होते. माझी हाडं बंद मिलच्या तपासनिसाने ओवली, हे त्या खोलीत सांगायला माझी जीभ वळली नाही.

"कल सब लेके आना," सर म्हणाले. "मैं देखूँगा."

दुपारी घरी पोचले तेव्हा बाबा गच्चीवर माळा कोरड्या फडक्याने पुसत होते.

"बाबा, यातलं इकडचं तिकडे केलंत का काही?"

"हो," ते सरळपणे म्हणाले. "तुझ्या पिशव्यांत गडबड होती बेटा. एकात बावीस, एकात एकोणीस. उकळताना मिसळली असणार. मी सगळं बरोबर केलं. देशी एक क्वालिटी, क्रॉस दुसरी. साइज बघून लावलेत, कुठे विजोड दिसणार नाही."

खरंच दिसत नव्हतं. इतके दिवस मी, दोन पदव्यांच्या मधली मुलगी, मला दिसलं नव्हतं.

"मला तो फरकच पाहिजे होता," मी म्हटलं. आवाज चढत गेला तो मला ऐकू येत होता. "बावीस म्हणजे बावीस! एकोणीस म्हणजे एकोणीस! तोच तर थिसिस होता माझा!"

बाबा फडकं हातात धरून उभे होते. "पण तू वीस म्हणालीस."

"साधारण म्हणाले! तुम्हाला बरोबर करायला कुणी सांगितलं होतं? हा काय थान आहे? ही मिल नाही बाबा. मिल बंद झाली."

शेजारच्या छतावर भाभी वाळलेले कपडे काढत होत्या. त्या आत निघून गेल्या.

"अगं थांब," बाबा म्हणाले, "निशाणी केलीय मी. बघ तरी, लाल..."

"नको मला तुमची निशाणी!"

कठड्यावर बाबांची मिलमधली छोटी कात्री पडली होती, सुटे धागे कापायची. मी ती उचलली आणि तारेवरच्या माळा कापायला लागले. एक, दोन, पाच. मणके गच्चीवर पडून घरंगळत होते. बाबांनी मला अडवलं नाही. एकदा फक्त हात पुढे केला, आणि मागे घेतला. चाळीसही कापल्या. मग सगळं गोळा करून एका पोत्यात भरलं. मी रडत होते, त्यामुळे बाबा खाली कधी गेले ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे दाढी केली. मग आईकडे टॉवेल मागितला आणि म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, मी येतोय." इतकंच. आठवडाभरात ते निळा शर्ट आणि टोपी घालून शोरूमला जायला लागले. जायच्या आधी त्यांनी अंगठ्याचं नख कापलं. मी ते न्हाणीघराच्या कट्ट्यावर पाहिलं.

पोतं गच्चीवरच होतं; सरांनी बोलावलं होतं त्या दिवशी मी कॉलेजला गेलेच नव्हते. मी ते नदीकाठी पुरायला वस्तीतल्या काकांकडे देणार होते. ते उचलून बांधताना तोंड सुटलं आणि वरचा एक मणका माझ्या हातात आला. त्याच्याभोवती लाल धागा होता, दोन गाठी मारून पक्का बांधलेला. मी तो उलटा केला. मणक्याची जी चपटी बाजू पुढच्या मणक्याला चिकटून असते, माळेत कधीच दिसत नाही, तिच्यावर जांभळ्या पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: क्रॉस १४.

मी खाली बसले. दुसरा लाल धागा शोधला. देशी ३. तिसरा. क्रॉस ९. शिल्लक राहिलेल्यांचा डबा उघडला. त्यातल्या प्रत्येकावर धागा, प्रत्येकावर नंबर. बाबांनी जो मणका जागचा हलवला, त्याच्यावर तो मुळात कुठल्या पिशवीतला ते लिहून ठेवलं होतं. फोल्डिंग खात्यात खूण केल्याशिवाय कुठलाही थान पुढे सरकत नसे. दोषाच्या जागी काठाला लाल धागा बांधायचा, म्हणजे पुढच्या माणसाच्या हाताला तो लागतो आणि तो थांबून बघतो. मला हे लहानपणापासून माहीत होतं. मी त्या खात्याच्या दाराशी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन जायचे, लाल शेपट्या लोंबणारे थान पाहायचे.

मी माळा कापल्या नसत्या, तर तासाभरात सगळं होतं तसं करता आलं असतं. आता हलवलेल्या मणक्यांवर नंबर होते, आणि न हलवलेल्यांवर काहीच नव्हतं. ते शेकडो मणके, ज्यांना बाबांनी हात लावला नव्हता कारण ते आपल्या जागी होते, पोत्यात एकमेकांत मिसळून पडले होते, आणि ते मी केलं होतं.

तीन दिवस मी ते एकमेकांना जुळवून पाहत होते. मणक्याला मणका बसतो, पण चारपाच ठिकाणी बसतो. आई वर आली. ती कधी वर यायची नाही. पोत्यापासून दोन हात लांब उभी राहिली.

"तो धागा माझ्याकडून नेला त्यांनी," ती म्हणाली. "खजरान्याचा, पूजेचा. मी म्हटलं, डुकराच्या हाडांना? तर म्हणाले, पोरीचं काम आहे, चांगला पक्का लाल रंग पाहिजे, दुकानातला उन्हात उडतो." तिने पोत्याकडे पाहिलं. "मी दिला," ती म्हणाली आणि खाली गेली.

मी सरांना जाऊन खरं सांगितलं. सगळं, "जी सर" खोटं होतं तेसुद्धा. "उस दिन बोल देती," ते म्हणाले. त्या दिवशी बोलले असते, तर मी घरी इतकी घाबरून गेले नसते, इतकी चिडले नसते, कदाचित बाबांचं बोलणं पुरं ऐकलं असतं. सरांना हे सगळं माहीत नव्हतं, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी मला पुढचं सत्र दिलं. पुन्हा चाळीस जनावरं.

नव्या हाडांची पहिली पोतडी आली तो बाबांच्या सुटीचा वार होता. त्यासाठीच मी तो दिवस धरला होता. सुतळी, कात्री, भिंग, सगळं गच्चीवर मांडलं आणि खाली गेले.

"बाबा, ओवायला याल का?"

ते रेडिओचा खटका दुरुस्त करत होते. त्यांनी वर पाहिलं, आणि अगदी मऊ आवाजात, समजावल्यासारखं म्हणाले, "तू कर बेटा. माझ्या हाताला सारखं करायची सवय लागलीय. पुन्हा होईल माझ्याकडून."

"नाही होणार. मी नीट सांगते या वेळी."

"तू कर," ते म्हणाले.

मला म्हणायचं होतं की चूक तुमची नव्हती. तुमच्या प्रत्येक मणक्यावर नंबर होता, मी पाहिले, सगळे पाहिले. हे वाक्य मी जिन्यात तयार करून आले होते. पण रेडिओ लागला, आणि ते आवाज कमी-जास्त करायला लागले, आणि मी वर गेले.

या वेळी मीच ओवलं, मीच मोजलं. एकोणीस आले, वीस आले, एकवीस, बावीस आले. कागदावर आकडे हवे तसे पसरले. सर खूश झाले. आणि शेवटच्या काही माळांमध्ये एक निघाली, फार लांब, एका क्रॉस डुकराची. मी तीनदा मोजली. मान सोडून तेवीस.

ती हातात घेऊन मी धावत खाली आले. बाबा ड्युटीला निघाले होते. निळा शर्ट घालून टोपी शोधत होते.

"बाबा, बघा!"

त्यांनी माळ घेतली. कापलेल्या नखाचा अंगठा मानेखालून टोकापर्यंत एकदाच फिरवला, जेमतेम दोन क्षण.

"तेवीस," ते म्हणाले.

"हो! दोन जास्त आहेत!"

मी वाट पाहत होते. वाटलं, आता विचारतील, कुठून आले हे दोन? बापाकडून? दोन्हीकडून? मला उत्तर माहीत होतं, पुस्तकात होतं तेवढं सगळं मी वाचलं होतं, आणि उरलेलं अजून कुणालाच माहीत नव्हतं, तेही मला त्यांना सांगायचं होतं.

"असू दे," बाबा म्हणाले. "असतात कुणाकुणाला."

त्यांनी ती माळ दोन्ही हातांनी, दुसऱ्याची वस्तू परत करावी तशी, माझ्या हातांवर ठेवली. टोपी सापडली. ती घालून ते गल्लीतून नदीच्या बाजूने चालत गेले, आणि मी दारात ते तेवीस मणके धरून उभी राहिले.